गोव्यात ट्रकवर नवीन नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवाहू गाडीवर नुकतेच रुजू झालेल्या किंवा येत्या पंधरवड्यात रुजू होणाऱ्या चालकांसाठी ही प्रश्नोत्तरे. गाडी चालवता येते हे धरूनच चाललो आहोत. नव्या जागी माणूस अडतो तो कागदांत, ताडपत्रीत, घाटात, दुपारी बंद असलेल्या गोदामाच्या दारात आणि महिनाअखेरच्या डिझेलच्या हिशेबात.

कोणत्या गाडीला कोणते लायसन्स लागते?

गाडीचे एकूण वजन (रिकामी गाडी अधिक माल) ७,५०० किलोपर्यंत असेल, तर हलक्या वाहनाचे साधे लायसन्स चालते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे, त्यामुळे छोटा हत्ती किंवा पिकअपवर सुरुवात करणाऱ्याला वेगळी नोंद लागत नाही. सहा टायर, दहा टायर आणि त्यापुढच्या अवजड गाड्यांना परिवहन वर्गाची नोंद हवी. त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने असावे लागते. हे लायसन्स ५ वर्षांसाठी असते. गॅस, पेट्रोल, रसायने अशा घातक मालासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन नोंद करावी लागते. ती ३ वर्षे चालते आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागतो.

मालक म्हणाला, "चल रे, एकच फेरी आहे, कोण बघतो," तरी नोंद नसलेल्या वर्गाची गाडी हातात घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी आधी लायसन्स बघते.

माझे लायसन्स सिंधुदुर्गचे आहे. गोव्याचे काढावे लागेल का?

नाही. लायसन्स देशभर चालते. गोव्यात कायम राहणार असाल तर पत्ता बदलून घ्या, म्हणजे नूतनीकरणासाठी गावी जायला नको.

कामाला हो म्हणण्यापूर्वी मालकाला काय विचारावे?

पगार सगळेच विचारतात. पगाराव्यतिरिक्त पैसे कुठून येतात आणि कुठे कापले जातात, ते विचारायचे राहते. फेरीमागे भत्ता किती, रात्रीच्या मुक्कामाचा वेगळा मिळतो का, गाडी खाली होण्यासाठी दोन दिवस थांबली तर थांब्याचे पैसे चालकाला मिळतात की फक्त मालकाला, हमाली कोण देणार, पंक्चर कोणाच्या खिशातून, टायर फुटला तर कापणार का, हे सगळे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागितले तर कोणी रागवत नाही. रागवलाच, तर तेही कळलेले बरे.

१० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होते आणि चालकाच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. २० किंवा अधिक कामगार असतील तर भविष्यनिर्वाह निधी. कपात होत असेल तर आपला क्रमांक मागून घ्या आणि पैसे जमा होतात का ते मोबाइलवर पाहा. दोन-तीन गाड्यांच्या छोट्या मालकाकडे यातले काहीच नसते. तिथे स्वतःचा अपघात विमा स्वतःच काढलेला बरा.

गाडी ताब्यात घेताना काय काय बघायचे?

या एका कामाला दीड तास द्या. नव्या चालकांची निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात. आधीच्या चालकाने काय नेले, काय बदलले, याचा जाब तीन महिन्यांनी तुम्हाला विचारला जातो.

आधी टायर. प्रत्येक टायरच्या बाजूवर क्रमांक कोरलेला असतो. स्टेपनीसकट सगळ्या टायरांच्या क्रमांकांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी सुपरवायझरला पाठवा. टायर बदलून रिमोल्ड (जुन्यावर नवा थर चढवलेला टायर) बसवल्याचा आरोप हा या धंद्यातला सर्वांत जुना आरोप आहे, आणि त्यावर फोटोशिवाय उत्तर नाही. दोन्ही बॅटऱ्यांचे क्रमांकही असेच टिपा. मग डिझेलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचा एकत्र फोटो.

नंतर सामान: जॅक, टॉमी, व्हीलपाना, ताडपत्र्या किती आणि कुठे फाटलेल्या, दोरखंड किती, साखळ्या असतील तर त्या, लाकडी ओटी (चाकाला लावायची अडण), अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, त्रिकोणी परावर्तक. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. कित्येक गाड्यांत तो नुसता लाल डबा म्हणून टांगलेला असतो. जॅक नुसता मोजू नका, एकदा लावून बघा. जॅकचे तेल गळल्याचे रात्री अकरा वाजता मोलेच्या जंगलात कळले, तर त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी गाडी रिकामी असतानाच पाचेक किलोमीटर फिरवून आणा. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, क्लच किती वर धरतो, स्टिअरिंगला मोकळीक किती, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा) चालतो का. आधीचा चालक अजून भेटत असेल तर त्याला चहा पाजा आणि विचारा, "हिला काय खोड आहे?" प्रत्येक गाडीला असते.

रोज सकाळी निघण्याआधी नेमके काय तपासायचे?

इंजिन चालू करण्यापूर्वी ऑइल, कूलंट, स्टिअरिंगचे तेल, पट्टे आणि गाडीखालची जमीन बघा. रात्रभर कुठे काय ठिबकले ते जमीन सांगते. थंड रेडिएटरचेच झाकण उघडायचे.

टायर थंड असतानाच हवा बघायची. १०.०० आर २० मापाच्या टायरला भरल्या गाडीसाठी साधारण ११० ते १२० पीएसआय लागते. नेमका आकडा गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. मागच्या जोडटायरांत एकात हवा कमी असली की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि फुटतो तो चांगला टायर. हातोडीने ठोकून बघण्याची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखायला ठीक आहे, पण २० पीएसआयचा फरक ती दाखवत नाही. गेज विकत घ्या. जोडटायरांच्या फटीत अडकलेला चिऱ्याचा किंवा खडीचा तुकडा काढून टाका. वेगात तो निसटला की मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातो.

चाकाच्या नटाभोवती गंजाचा ताजा ओघळ दिसला तर नट सैल आहे असे समजा. चाक काढून लावले असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे.

मग हवेचे ब्रेक. इंजिन चालू करून दोन्ही काटे भरू द्या. साधारण ८ बारच्या आसपास ड्रायर फुस्स करून हवा सोडतो. इंजिन बंद करा, हातब्रेक सोडून (चाकाला ओटी लावून) पायब्रेक मिनिटभर दाबून धरा. काटा पाव बारपेक्षा जास्त उतरला किंवा सुसकारा ऐकू आला, तर गळती आहे. हवेच्या टाकीखालची कडी ओढून पाणी काढा. गोव्याच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, ते जास्त साठते. टाकीतून पाण्याबरोबर काळे तेल आले तर कॉम्प्रेसर तेल टाकतो आहे. ड्रायरचा फिल्टर संपला असेल. हे मालकाला तोंडी सांगू नका, लिहून पाठवा.

निळ्या झाकणाच्या टाकीत काय घालायचे?

डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाणी. बीएस-६ गाड्यांत ते धूर स्वच्छ करते. त्यात चुकून डिझेल गेले तर चावी फिरवूसुद्धा नका. पंप आणि नळ्या जातात आणि खर्च मोठा येतो. साधे पाणी किंवा शेतीचा युरिया विरघळवून घालणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाड्या महिनाभरात गॅरेजमध्ये दिसतात. डीईएफ संपले की गाडी आधी दिवा दाखवते, मग ताकद कमी करते, आणि भरल्या गाडीने घाट चढताना ताकद जाणे काय असते ते सांगायला नको. डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के डीईएफ लागते, त्यामुळे २०० लिटर डिझेलमागे दहा लिटरची बादली धरून चाला.

केबिनमध्ये कोणते कागद असावेत?

आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी, कराची पावती, तुमचे लायसन्स. हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालते, पण अनमोड घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून झेरॉक्सचा एक संच ठेवाच. मालाचे वेगळे: बिल, बिल्टी (वाहतुकीची पावती) आणि ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल हलवण्याचे जीएसटीचे ऑनलाइन पत्र).

ई-वे बिलात तीन गोष्टी स्वतः वाचा: गाडीचा क्रमांक, अंतर, मुदत. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी काढलेले २०० किलोमीटरचे बिल मंगळवारी रात्री १२ पर्यंत. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर नव्या गाडीचा क्रमांक बिलात चढवल्याशिवाय हलायचे नाही. मुदत संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास या काळातच ती वाढवता येते. घाट बंद पडून अडकलात तर झोपण्याआधी ऑफिसला फोन करा.

मालक सांगतो, 'दोन टन जास्त चालतात'. खरेच चालतात का?

२०१८ मध्ये केंद्राने वजनमर्यादा वाढवली. नव्या सहा टायरी गाड्या १८.५ टनांच्या आणि दहा टायरी २८ टनांच्या येतात. त्याआधी नोंदलेल्या गाड्यांच्या आरसीवर मात्र १६.२ आणि २५ असे जुने आकडे असू शकतात. तुमच्यासाठी आरसीवर छापलेला आकडाच खरा. हे एकूण वजन आहे: दहा टायरी गाडी बॉडीसकट रिकामी ९ ते १० टन भरते, उरले ते मालाचे.

मर्यादेपेक्षा जास्त भरले तर दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तीन टन जास्त असतील तर २६,००० आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. हा २०१९ च्या दुरुस्तीतला दंड गोव्यात एप्रिल २०२२ पासून लागू आहे.

दंड एकदाचा. रोजचा तोटा वेगळाच: ब्रेक लायनर लवकर जातात, स्प्रिंगचे पाटे तुटतात, मागचे टायर तापून फुटतात. भरण्याआधी आणि भरल्यावर अशा दोन्ही पावत्या काट्यावरून घ्या. चिरे, रेती, खडी यांचा माल पावसात भिजला की त्याच ढिगाचे वजन वाढते. जूनमधल्या वीस ब्रासचा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हिशेब मे महिन्यातल्या आकड्याने करू नका.

ताडपत्री आणि दोर बांधताना नेहमी काय चुकते?

पुढची कड. समोरून वारा आत शिरला की ताडपत्री फुग्यासारखी होते आणि कड्या उपटते. पुढची ताडपत्री मागचीवर चढवायची, म्हणजे वारा आणि पाऊस दोन्ही वरून निघून जातात. दोन ताडपत्र्यांत किमान दोन हातांचा चढाव ठेवा. कोपऱ्यावर दोर जिथे लोखंडाला घासतो, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळणे हा नियमच समजा. माल हादरून बसतो आणि दोर सैल पडतो. लोखंडी सळ्या, पाइप, कॉइल यांना दोर पुरत नाही, साखळी आणि टेन्शनर लागतो. मागे बाहेर आलेल्या सळ्यांना लाल फडके बांधले म्हणजे झाले, असा समज आहे. तसे नाही: बॉडीबाहेर माल काढल्याचाही दंड २०,००० आहे.

बेळगावला जायला अनमोड की चोर्ला?

भरलेल्या अवजड गाडीला अनमोड. फोंडा, तिस्क, मोले, अनमोड हा राष्ट्रीय महामार्ग ७४८ आहे. साखळी आणि केरीवरून जाणारा चोर्ला घाट कारवाल्यांना जवळचा वाटतो, पण त्याची वळणे आणि रुंदी मोठ्या गाडीची नाहीत, आणि तिथे अवजड वाहनांवर वेळोवेळी बंदी येते. वळणात दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही राज्यांची वाहतूक खोळंबते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

पावसाळ्यात अनमोडचाही रस्ता खचतो आणि तोही बंद होतो. मग कारवार, अंकोला, यल्लापूर मार्गे हुबळी, किंवा उत्तरेकडून आंबोली. दोन्हीकडे किलोमीटर आणि डिझेल वाढते. निघण्यापूर्वी ऑफिसकडून नवा मार्ग आणि नवा भत्ता दोन्ही ठरवून घ्या.

मोलेच्या पुढे अभयारण्य आहे. रात्री गवे रस्त्यावर उभे असतात. गव्याचे अंग काळे, त्यामुळे तो उशिरा दिसतो. हॉर्न मारत बसू नका, दिवा खाली करून थांबा. तो जातो.

जुने चालक मडगावला बोरीमार्गे जायला सांगतात. का?

सवय. जुन्या झुआरी पुलावर बरीच वर्षे अवजड गाड्यांना बंदी होती आणि सगळे ट्रक बोरीवरून जात. नव्या झुआरी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. आता आगशीहून कुठ्ठाळी थेट. फोंड्याहून मडगावला जाणाऱ्याला मात्र बोरीच सरळ पडते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचते ना?

वाचत नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणेच बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते. वर इंजिनचा अटकाव गेल्यामुळे सगळा भार ब्रेक ड्रमवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याला धड पकडत नाही, पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. हवा पूर्ण असते, काटा ठीक दाखवतो, म्हणून नवा चालक गोंधळतो.

चढताना जो गिअर लागला, त्याहून एक कमी गिअरमध्ये उतरायला सुरुवात करा आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. मध्यावर टाकायला गेलात तर पडेलच याची खात्री नाही. एक्झॉस्ट ब्रेक चालू. पायब्रेक सतत घासत ठेवू नका. घट्ट मारा, वेग उतरवा, सोडा, ड्रम गार होऊ द्या. जळका वास आला तर पहिल्या रुंद जागी थांबा, चाकांना ओटी लावा आणि अर्धा तास नुसते थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट लहान म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका. वळणे आंधळी आहेत आणि पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या तुमच्या बाजूला येतात.

पावसाळ्यात वेगळे काय?

सायडपट्टी. गोव्याची तांबडी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते आणि पाऊस मुरला की लोण्यासारखी होते. समोरून बस आली म्हणून डावी चाके डांबराखाली घातली की भरलेली गाडी कलते. अशा वेळी समोरच्याला जाऊ द्या किंवा आपण रुंद जागी थांबा. गाडी रुतलीच तर जोर लावून चाक फिरवू नका, आणखी खोल जाते. चाकाखाली चिऱ्याचे तुकडे टाका आणि सरळ मागे घ्या.

साचलेले पाणी चाकाच्या हबपेक्षा वर असेल तर आत घालू नका. पाण्यातून आल्यावर हलका ब्रेक दाबत दोनशे मीटर चालवा, लायनर सुकतात. हाऊसिंग (मागच्या ॲक्सलची पेटी) बुडाले असेल तर पुढच्या सर्व्हिसला गिअर ऑइल बघायला सांगा. ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी गेले.

कापलेल्या डोंगराखाली चहाला किंवा झोपायला गाडी उभी करू नका. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूरला महामार्ग ६६ वर दरड कोसळली, तेव्हा चहाच्या टपरीजवळ थांबलेली माणसे आणि वाहने गेली. याच रस्त्याने तुम्हीही कारवारला जाता.

गूगल मॅप चालतो का?

तो कारचा रस्ता दाखवतो. ट्रकला घेऊन तो फेरीबोटीच्या धक्क्यावर, वीजतारा लोंबणाऱ्या वाड्यावर किंवा दोन्हीकडे चिऱ्याच्या गडग्यांमध्ये नेऊन उभा करतो आणि तिथे गाडी वळत नाही. नवीन पत्ता असेल तर माल घेणाऱ्याला फोन करून विचारा: याआधी दहा टायरी गाडी आली होती का, आणि कुठून?

गोदामाच्या आणि शहराच्या वेळा कशा सांभाळायच्या?

गोव्यात दुपारी एक ते तीन, कुठे साडेतीनपर्यंत, बहुतेक दुकाने बंद असतात. साडेबाराला बाजारात पोचलात तर अर्धा माल उतरतो आणि उरलेला तीननंतर. वेर्णा, कुंडई, बेतोडा, कुंकळ्ळी अशा औद्योगिक वसाहतींत ही अडचण कमी, पण तिथे जेवणाची सुट्टी आणि पाळीबदल असतो. सकाळी आठला गेटवर असणे सगळ्यात स्वस्त.

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथे गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना प्रवेशबंदी असते. फलक वाचा, सुपरवायझरला विचारा. सणांचे वेगळे. शिगम्याच्या मिरवणुकांच्या रात्री शहरातले रस्ते बंद. श्रावणात दामोदर सप्ताहाला वास्कोचा बाजार टाळा. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या आसपास जुने गोवे टाळा. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर महाराष्ट्र सरकार अवजड वाहनांना काही दिवस मनाई करते. चतुर्थीच्या आठवड्यात मुंबईची फेरी मिळाली तर तारखा आधी बघा. कोकण रेल्वेची रो-रो सेवा, म्हणजे ट्रक थेट मालगाडीवर चढवून वेर्णा ते कोलाड, अशा वेळी कामाची पडते.

मुरगाव बंदर, खाण, मासळी: यातले कोणते काम घ्यावे?

स्वभावावर आहे. बंदरावर फोटोचा पास, हेल्मेट, बूट, चमकणारे जाकीट लागते आणि रांगेत तास जातात. रांगेत झोपा, पण समोरची गाडी हलली की उठता आले पाहिजे.

खनिजाच्या कामात अंतर थोडे आणि फेऱ्या जास्त. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर हे काम बंद पडले. लिलाव झालेल्या पट्ट्यांवर २०२४ पासून हळूहळू सुरू झाले. पैसे फेरीवर मिळतात म्हणून घाई होते, आणि रस्ता गावातून, शाळेवरून जातो. झाकलेली ताडपत्री आणि ठरलेला वेग यांवर गावकऱ्यांचे बारीक लक्ष असते. टिपरचा हौदा वर असताना गाडी पुढे घेऊ नका. वर केलेला हौदा तारांना लागतो आणि तिरक्या जमिनीवर टिपर उलटतो.

मासळीचे काम रात्रीचे. गाडी पहाटे मडगावच्या घाऊक बाजारात पोचली पाहिजे, उशीर झाला तर भाव पडतो आणि मालकाचे तोंड वाकडे होते. बर्फाचे खारट पाणी चॅसिस आणि वायरिंग खाते. रोज गोड्या पाण्याने धुवायचे.

कोणी पार्सल म्हणून चार बाटल्या दिल्या तर?

नको म्हणा. ओळखीचा असला तरी. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात नेणे गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. माल कोणाचा हे तिथे कोणी विचारत नाही, गाडी जप्त होते आणि स्टिअरिंगवर तुम्ही असता. बंद खोकी घेताना बिल मागा. बिल नसेल तर खोके नाही.

किती तास चालवायचे, आणि रात्री एखादा पेग घेतला तर?

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) घातलेली सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी होती. प्रत्यक्षात काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे. तरी पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागतोच. चहा त्यावर अर्धा तास पुरतो, वीस मिनिटांची झोप जास्त पुरते. बंद काचांत इंजिन चालू ठेवून झोपू नका.

रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री बारापर्यंत पीत बसलेल्याच्या रक्तात पहाटे पाचलाही दारू असू शकते. आंघोळीने आणि लिंबूपाण्याने ती उतरत नाही, फक्त वेळ गेल्याने उतरते.

माझे अ‍ॅव्हरेज कमी येते म्हणून पैसे कापतात. काय करू?

आधी मोजण्याची पद्धत बघा. टाकी पूर्ण भरून निघायचे, परत येऊन त्याच पंपावर पूर्ण भरायची, मधले किलोमीटर भागिले लिटर. काट्याच्या अंदाजावर काढलेला हिशेब मान्य करू नका. भरलेली दहा टायरी गाडी घाटाच्या रस्त्याने लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर देते, सपाटीवर थोडे जास्त. अनमोडच्या फेरीला मुंबईचे अ‍ॅव्हरेज लावले जात असेल तर पहिल्या महिन्यात प्रत्येक फेरीची वही ठेवा: मार्ग, वजन, किलोमीटर, लिटर, रांगेत इंजिन किती वेळ चालू होते. चार पानांची वही घेऊन पात्रांवाकडे (मालकाकडे) गेलात की बोलणे वेगळ्या सुरात होते.

हवा कमी असलेले टायर, घासणारा ब्रेक आणि तुंबलेला एअर फिल्टर हे तिघे डिझेल खातात. थांबल्यावर हबला हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. एकच हब जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक सुटत नाही.

अपघात झाला तर पहिली दहा मिनिटे काय करायचे?

गाडी थांबवा, इंजिन बंद, इशारा दिवे चालू, मागे ५० मीटरवर त्रिकोण, वळण असेल तर वळणाच्या आधी. ११२ किंवा १०८ ला फोन. जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे ही कायद्याने चालकाची जबाबदारी आहे. जमाव चिडलेला असेल आणि जिवाला धोका असेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि तिथूनच फोन करा. घरी किंवा मालकाकडे गेलात तर तो पळून जाणे ठरते. गाडी हलवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

चलन आले तर कोणी भरायचे?

मोबाइल, सीटबेल्ट, सिग्नल, वेग ही चालकाची चूक. विमा, फिटनेस, पीयूसी संपलेले असणे ही मालकाची. जादा माल मालकाच्या सांगण्यावरून भरला असेल तर भरण्यापूर्वीचा त्याचा मेसेज जपून ठेवा. ई-चलन गाडीच्या क्रमांकावर येते आणि कधीकधी महिन्यांनी कळते, म्हणून त्या तारखेला गाडीवर कोण होते याची नोंद तुमच्याकडे हवी. वर सांगितलेली वही इथेही लागते.

क्लीनर दिलेला नाही. गाडी मागे कशी घ्यायची?

उतरून बघून. प्रत्येक वेळी. मागची जागा पायी चालून या: खांब, गटाराचे झाकण, वरच्या तारा, झोपलेले कुत्रे. शक्यतो उजव्या बाजूला वळत मागे घ्या, म्हणजे खिडकीतून मागचा कोपरा दिसतो. डावीकडे वळताना तुम्ही आरशाच्या भरवशावर असता. गोदामातला कोणी हात दाखवायला आला तर त्याला आधी सांगा, "मला आरशात दिसेल असा उभा राहा, दिसला नाहीस तर मी थांबणार." तो दिसेनासा झाला की खरोखर थांबा. तो गाडीच्या मागेच असतो.